टकटक आली की जाड ऑइल? जरा थांबा की!

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, शेवटचा आमच्या धाकट्या काकांकडून, खाली हात जोडल्याच्या तीन खुणांसकट. "जुनी गाडी असेल तर नक्की वाचा" अशी सुरुवात. आत काय, तर गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढं गेली आणि इंजिनातून टकटक यायला लागली तर तो टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचा) आवाज, घाबरू नका, २० डब्ल्यू ५० जाड ऑइल टाका, त्याआधी लिटरभर डिझेल ओतून इंजिन आतून धुवून घ्या, हे सगळं ई २० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळं होतंय, ऑइलचा लाल दिवा लागत नाही तोवर बिनधास्त पळवा, आणि आवाज बंद झाला की समजा इंजिन फिट. काका सांगलीत विश्रामबागला राहतात, गाडी २००७ ची, आणि त्यांनी मेसेज नुसता पुढं ढकलला नाही तर ऑइलचा डबा पण आणून ठेवला. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

मी मेकॅनिक नाही. माझी स्वतःची पेट्रोल गाडी १ लाख ९० हजार झालीय आणि माधवनगर रोडच्या एका गॅरेजात माझे बरेच रविवार गेलेत, एवढंच भांडवल.

आधी ते टॅपेटचं बघू. टॅपेट हा शब्द आपल्याकडं लोक तापासारखा वापरतात, काहीही होवो, ताप आलाय. आता खरा टॅपेटचा आवाज कसा असतो, तर वरनं, हेडच्या झाकणाखालनं येतो, हलका, शिलाई मशीन चालल्यासारखा, आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो म्हणून एका ढिल्या टॅपेटची टिकटिक पण इंजिनाच्या निम्म्या वेगानं येते. ८०० आरपीएमच्या (मिनिटाला ८०० फेरे) आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, सेकंदाला सहा-सात. तीन-चार टॅपेट ढिले असले की हे मोजणं अवघड होतं हे मान्य, पण आवाजाची जात तीच राहते. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून सेटिंग केलं की जातो, फार मोठं काम नाही. आणि सगळ्या गाड्यांना ते सेटिंग नसतंयच. स्विफ्ट डिझेलमध्ये यायचं ते १२४८ सीसीचं इंजिन घ्या, त्याला हायड्रॉलिक टॅपेट, फिरवायला स्क्रूच नाही, तरी लोक गॅरेजात जाऊन "टॅपेट सेट करा ओ" म्हणतात आणि एखादा मिस्त्री पैसे पण घेतो.

माझ्याच गाडीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी सकाळी सकाळी टिकटिक सुरू झाली, एका गॅरेजवाल्यानं टॅपेट सेट केले, आवाज तसाच. दुसऱ्यानं गाडीला हात न लावता सांगितलं, इंजिन बांधायला लागणार, हेड तर उतरावंच लागणार. तिसऱ्या मिस्त्रीनं, वय साठीच्या पुढं, एकच प्रश्न विचारला: गरम झाल्यावर कमी होतोय का? होत होता. दहा मिनिटं चालवली की जवळजवळ गायब. त्यानं मॅनिफोल्डचा (हेडमधनं एक्झॉस्टचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा) पत्रा काढला, हेडला लागून काळी काजळी धरलेली दाखवली. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलेलं, त्यातनं एक्झॉस्ट फुसफुसत होता, आणि फटीतनं सुटणारा एक्झॉस्ट ऐकायला थेट टॅपेटसारखा लागतो. धातू तापला की फुगतो, फट बुजते, आवाज कमी. गॅस्केट बदललं, झालं. इंजिन बांधलं असतं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च झाला असता, आणि वर जोडकामात मॅनिफोल्डचं गॅस्केट नवीन पडून आवाज गेला असता आणि मी जन्मभर म्हणत बसलो असतो की बघा, इंजिनकामच गरजेचं होतं.

म्हणून आवाज कसला हे विचारण्याआधी कधी येतो आणि काय केलं की बदलतो हे बघायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकण्यात काही अर्थ नाही, फोनच्या स्पीकरवर खालचा जड आवाज नीट ऐकूच येत नाही. थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी, हे पिस्टन सिलेंडरच्या भिंतीवर आपटत असेल तरी होतं आणि तसं इंजिन वर्षानुवर्षं चालतं. याच्या उलटं, म्हणजे सकाळी बरा आणि इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं की वाढणारा, खालनं चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) बाजूनं येणारा, दारावर मूठ मारल्यासारखा ठक ठक आवाज, तो बिग एंड बेरिंगचा (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेरिंगचा) असू शकतो, आणि तिथं मात्र घाबराच. साधारण दोन हजार आरपीएमला ठेवून अॅक्सिलरेटर हळूच सोडला की तो जास्त उघडा पडतो. मिस्त्री लोक एकेका सिलेंडरचं काम बंद करून बघतात, ज्या सिलेंडरला बंद केल्यावर ठोका एकदम मऊ पडतो त्याचं बेरिंग गेलं. प्लगची वायर ओढण्यापेक्षा इंजेक्टरचा कनेक्टर काढलेला बरा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा डबा) जाऊन तो तापतो, आणि हाताला झटका बसतो ते वेगळंच.

निम्म्या केसेस तर इंजिनाच्या आतल्या नसतातच हो. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लच-गिअरबॉक्सकडं बघा. एसी चालू-बंद केल्यावर बदलला तर कॉम्प्रेसर. अल्टरनेटर, आयडलर पुली, वॉटर पंप यांची बेरिंग्ज कुरकुरतात, त्यासाठी पट्टा काढून इंजिन अर्धा मिनिट चालवायचं, आवाज गेला तर इंजिनाला बोल लावू नका. अर्धा मिनिट म्हणजे अर्धाच, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो.

आता जाड ऑइल. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच, कारण तो काम करतो. खरंच करतो! झिजलेल्या बेरिंगच्या फटीत जाड ऑइल बसलं की ठोका मऊ होतो. दुखऱ्या दाढेवर लवंग ठेवल्यासारखं आहे ते, कीड आत चालूच. माझ्या एका मित्रानं हेच केलं, तीनेक आठवडे गाडी गप्प, तो खूश, मग पुण्याहून येताना खंबाटकी चढायला घेतला आणि अर्ध्या घाटात रॉड ब्लॉक फोडून बाहेर. पहिल्या ठोक्याला चेंबर उतरवला असता तर बेरिंग आणि फार तर क्रँकचं काम, आता ब्लॉकच गेला. टोइंग करून पेठ नाक्यावरनं गाडी आणली तेव्हा मी सोबत होतो, रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही.

ते २० डब्ल्यू म्हणजे काय हे पण बघा ना. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, मागचा १०० डिग्रीला किती जाड राहतं त्याचा. इंजिनाची बरीचशी झीज थंड स्टार्टच्या वेळी होते, आणि ५ डब्ल्यू ३० सांगितलेल्या इंजिनात २० डब्ल्यू ५० ओतलं तर डिसेंबरातल्या सकाळी ते कॅमपर्यंत पोचायला उशीर लावणार, म्हणजे जिथं टिकटिक होती तिथंच आणखी कोरडं. हायड्रॉलिक टॅपेट आणि चेनचा टेन्शनर तर ऑइलच्याच दाबावर चालतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना २० डब्ल्यू ४०, २० डब्ल्यू ५० चालायचं, तिथं माझं काही म्हणणं नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर खुशाल टाका. आणि सगळ्यात आधी डिपस्टिक काढून बघा, जुनं इंजिन ऑइल पितं, लेव्हल खाली गेल्यामुळंच टकटक असेल तर ग्रेडचा वादच कुठं आला.

डिझेल ओतून धुणं, पूर्वी रॉकेल ओतायचे. दीड लाख किलोमीटरचा गाळ आत चिकटून बसलेला असतो, तो सुटला की सुटून जाणार कुठं, तर चेंबरमधल्या जाळीवर. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही. शिवाय धुताना बेरिंगमध्ये पातळ डिझेल फिरत असतं. नको. फार गाळ असेल तर चेंबर उतरवून जाळी हातानं साफ करायची, आणि योग्य ऑइल दोनदा लवकर लवकर बदलायचं. (चेंबरवरनं आठवलं, खालनं दगड लागून चेंबर आत दबलेला असेल तर तोच पत्रा जाळीला टेकतो आणि ऑइलचा दाब कमी होतो. बामणोली-कासच्या बाजूला फिरून आल्यावर आवाज सुरू झाला असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा.)

ई २० चं ऐकून तर मला हसूच आलं, इथेनॉल उसापासनं बनतं, निम्मा जिल्हा उसावर जगतोय आणि इथनंच हा मेसेज फिरतोय. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून होणारी टिणटिण) कमी व्हायला पायजे, वाढायला नाही. जुन्या गाडीला ई २० चा त्रास होऊ शकतो, मायलेज पडतं, जुने रबरी पाइप-सील खराब होऊ शकतात, ते तपासून घ्याच. पण बेरिंग काय पेट्रोल पीत नाही. चढावर वरच्या गिअरला गाडी ओढायला लावली की टिणटिण वाजतं त्याचं कारण बऱ्याचदा आत साठलेला कार्बन, जास्त तापणारं इंजिन, किंवा सरळ सरळ ड्रायव्हरचा गिअर बदलायचा आळस.

लाल दिव्याचं थोडक्यात. तो दिवा ऑइल कमी झालं म्हणून लागत नाही, दाब जवळजवळ संपला म्हणून लागतो, साधारण अर्ध्या बारच्याही खाली. चालत्या इंजिनाला तीन-चार बार लागतो, मिस्त्रींचा ढोबळ हिशोब दर हजार आरपीएमला कमीत कमी १० पीएसआय (पाऊण बारच्या आसपास). म्हणजे निरोगी आणि मरणासन्न यांच्या मधला सगळा पट्टा दिव्याला दिसतच नाही. शंका असेल तर दिव्याचा स्विच इंजिनातनं काढून तिथं दाबाचं गेज लावायला सांगा, इंजिन गरम करून. चावी फिरवल्यावर दिवा मुळात लागतोय का ते पण बघा, विकायच्या गाडीत बल्बच काढून ठेवलेला मी बघितलाय.

आणि आवाज बंद म्हणजे इंजिन फिट? गॅसकिटवाल्यांनी हे नीट वाचा. एलपीजी-सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकत जातो, टॅपेटची फट कमी कमी होत जाते, त्यामुळं इंजिन दिवसेंदिवस शांत होतं. मालक खूश. मग फट शून्य झाली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, व्हॉल्व्ह जळतो. तिथं थोडी टिकटिक ऐकू येणंच चांगलं. तसंच २०१९ आणि २०२१ च्या पुरातनं गेलेल्या गाड्यांचं, पाण्यात असताना कुणी स्टार्टर मारला असेल तर सिलेंडरमध्ये पाणी दाबलं न गेल्यानं रॉड किंचित वाकतो, गाडी नंतर चालते, ऐकायला ठीकठाक, पण त्या एका सिलेंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी दाखवतं. सेकंडहँड घेताना कॉम्प्रेशन टेस्टचे पैसे वाचवू नका.

काकांचं काय झालं ते राहिलंच. शनिवारी त्यांनी माझं न ऐकता जाड ऑइल भरलं, आवाज होता तसाच. रविवारी मी गाडीखाली शिरलो, रेस केल्यावर ठराविक आरपीएमलाच वाजत होतं, पत्र्यासारखं खळखळ, सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा एक बोल्ट गंजून तुटलेला. चाळीस रुपयांची होज क्लिप गुंडाळून आवळली, आवाज बंद. काकूंनी चहा दिला, मी घरी पोचेपर्यंत ग्रुपवर काकांचा मेसेज येऊन पडला होता: "जाड ऑइल टाकले, दुसऱ्याच दिवशी आवाज बंद. स्वानुभव. पुढे पाठवा."