‘स्टार ट्रेक’चं सगळं श्रेय एकट्या रॉडनबेरींना कसं?

‘स्टार ट्रेक म्हणजे जीन रॉडनबेरी. त्यातला माणुसकीचा विचार त्यांचाच, बाकीचे लेखक सांगितलं तेवढं लिहायचे, आणि त्यांनी लक्ष काढून घेतल्यावर मालिका घसरली.’ अशा अर्थाचा मजकूर सतत फिरत असतो. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही १९६०च्या दशकातली अमेरिकी अंतराळ-मालिका पाहिलेली आपली मंडळीही तो पुढे पाठवतात. मला तो अन्याय वाटतो.

कल्पना रॉडनबेरींची, ती वाहिनीच्या गळी उतरवली त्यांनीच, यात वाद नाही. पण त्यांनी लिहिलेला पहिला नमुना भाग एनबीसी या अमेरिकी वाहिनीने नाकारला होता. मालिकेला मंजुरी मिळाली ती दुसऱ्या नमुना भागामुळे, आणि तो लिहिला होता सॅम्युअल पीपल्स यांनी.

आता माणुसकीचा विचार. पहिल्या वर्षाच्या मध्यावर जीन एल. कून निर्माते म्हणून आले. मार्च १९६७ मधला त्यांचा ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग पाहा. खाणीत एक दगडासारखा प्राणी कामगारांना मारत सुटलाय. शेवटी कळतं, की ती आई आहे आणि खाणवाले नकळत तिची अंडी फोडत होते. राक्षस कोण, हा प्रश्न प्रेक्षकाच्याच अंगावर येतो. त्याच महिन्यातल्या ‘एरँड ऑफ मर्सी’मध्ये कूननी क्लिंगॉन ही लढाऊ शत्रूजमात आणली. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना त्यांनी दाखवलं, की शांततेचा कैवारी नायक, अंतराळयानाचा कॅप्टन कर्कसुद्धा शत्रूइतकाच लढाईला आसुसलाय. मालिकेचा म्हणून जो विचार आपण सांगतो, तो इथे सर्वांत धारदार आहे. हे सांगितलं तेवढं लिहिणाऱ्याचं काम नव्हे!

मालिकेच्या लेखिका आणि कथा-संपादक डी. सी. फोंटाना यांच्याबद्दल तर ‘सेक्रेटरी होती, रॉडनबेरींनी लेखिका केली’ असंही म्हणतात. सेक्रेटरी होत्या, खरं आहे. पण त्यांची पहिली कथा टीव्हीला विकली गेली १९६० मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, ‘स्टार ट्रेक’च्या कितीतरी आधी. बाई म्हणून पटकथा बाजूला पडू नये यासाठी त्या नावाची आद्याक्षरंच लावत. कर्कचा परग्रहवासी सहकारी स्पॉक, त्याचे वडील सारेक आणि आई अमांडा पडद्यावर आले ते त्यांच्या ‘जर्नी टू बाबेल’ या भागात. मुलाने मनाविरुद्ध वाट धरली म्हणून १८ वर्षं त्याच्याशी बाप म्हणून न बोललेला सारेक! स्पॉकला घर दिलं ते फोंटानांनी.

राहिला घसरणीचा मुद्दा. तिसरं वर्ष कमकुवत होतं, आणि रॉडनबेरी रोजच्या कामातून दूर झाले होते, हेही मान्य. पण तोवर कून आणि फोंटाना दोघांनीही आपापली पदं सोडली होती, हे त्या मजकुरात कधीच नसतं. शिवाय १९८२चा ‘द रॅथ ऑफ खान’ हा चाहत्यांचा सर्वांत लाडका ‘स्टार ट्रेक’ चित्रपट बनला, तेव्हा रॉडनबेरींकडे फक्त सल्लागारपद होतं. सूत्रं निर्माते हार्व्ह बेनेट आणि दिग्दर्शक निकोलस मायर यांच्या हातात होती. त्यातला खलनायक खान आला कून आणि कॅरी विल्बर यांच्या १९६७च्या पटकथेतून.

रॉडनबेरी १९९१ पर्यंत होते, व्याख्यानं देत होते, आपली बाजू सांगत होते. कून १९७३ मध्येच गेले, ४९व्या वर्षी. खानचं पुढे काय झालं, ते त्यांनी पाहिलंच नाही.