माह्या सशाले पुरणाची पोळी कोणं चारली?

तीन रात्री झाल्या मले धड झोप नाही अन् घरातलं एक माणूस कबूल व्हाले तयार नाही. महालक्ष्म्यांचं जेवण झालं, पन्नासेक पाहुणे येऊन गेले, अन् त्यातल्या कोण्यातरी पुण्यवान माणसानं आमच्या गबरूले पुरणाची पोळी चारली. तूप लावून! मले कसं समजलं? त्याच्या मिशांले पुरण लागून होतं.

"एवढुसाच तर तुकडा होता वं, त्यानं काय होते?" हे आत्याबाई. तुकडा केवढा होता ते बरोब्बर माहीत, पण चारला मात्र तिनं नाही म्हणे.

काय होते ते सांगते. सशाले ओकता येत नाही बाप्पा. पोटात गेलं ते पुढंच सरकलं पाहिजे, अन् ते सरकवते गवताचा चोथा. तो कमी पडला अन् वरून गूळ-पीठ गेलं का आतड्यातले जंतू बिघडतात, गॅस धरते, पोट दुखते म्हणून तो खात नाही, अन् खात नाही म्हणून आतडं अजूनच थंड पडते. दहा-बारा तास सशानं काही खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही म्हणजे उद्या पाहू म्हणाची सोय नाही, सरळ गाडी काढाची.

सकाळी पाहतो तं गबरू कोपऱ्यात गोळा होऊन बसला, दात करकर चावून राह्यला, ट्रेमध्ये एक लेंडी नाही. एरवी रोज वाटीभर झाडते मी! ज्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वासानं तो चुलीपाशी धावत येते तो सांबार नाकापाशी नेला तं तोंड फिरवलं. माह्या पोटात धस्स झालं.

बाबांच्या गाडीवर, भाजीच्या क्रेटमध्ये टॉवेल टाकून, तालुक्याले नेला. तिथले डॉक्टर गाई-म्हशीचे. "ससा? ससा पाळते का कोणी?" अन् बाहेर बैल घेऊन उभे असलेले चार जण दात काढून राह्यले. मंग डॉक्टरनं लिहून दिलं पातळ औषध, अमॉक्सिसिलिन नावाचं अँटिबायोटिक. नशीब मावसभाऊ अकोल्याले जनावरांची डॉक्टरकी शिकते, त्याले फोन लावला तं तो फोनवरूनच वरडला, ते सशाच्या तोंडावाटे देऊ नको, पोटातले चांगले जंतू मरतात अन् ससा जाऊ शकते! खोटं कायले बोलू, डॉक्टर भला माणूस निघाला, फोन घेतला, ऐकून घेतलं, पोट चाचपून कुठं अडकलं तं नाही ना ते पाह्यलं, अन् दुखण्याचं इंजेक्शन अन् कातडीखाली सलाईन दिलं. पण मी फोन केला नसता तं?

मंग माही ड्युटी सुरू. सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, सुई काढलेल्या सिरींजनं गालाच्या बाजूनं थोडं थोडं, दर दोन-तीन तासानं. समोरून दाबून दिलं तं श्वासनळीत जाते म्हणून एकेक थेंब. तो गिळे, अर्धं माह्या ओढणीवर थुके. लाईट गेली होती, मोबाईलच्या उजेडात चाललं हे सारं.

अन् गवताचं वेगळंच रडगाणं. सशाच्या खाण्यात मोठा हिस्सा सुकं गवतच पाह्यजे, दात जन्मभर वाढतात ते बी गवतानंच झिजतात. मी वाळलेलं गवत पार्सलनं मागवते तं अख्खं गाव हासते, "पोरगी गवत विकत घेते, तेबी कुरिअरनं!" अरे मंग काय देऊ? धुऱ्यावर तुम्ही तणनाशक मारून ठेवता, सोयाबीनच्या कुटारात धूळच धूळ, अन् पावसाळ्यात गंजीतल्या कडब्याले बुरशी. एक काकाजी म्हणे सरकीची ढेप दे, अंगानं भरन. म्हैस आहे का ते? गाजर तं सारेच घेऊन येतात, टीव्हीवर ससा गाजर खाते ना, झालं! गाजरात साखर असते, बोटाच्या पेराएवढं कधीमधी ठीक, हे किलोभर घेऊन उभे राहतात. अन् रात्री तो स्वतःची मऊ लेंडी खाते तं आत्याबाई "छी छी" करत झाडू घेऊन मागं लागते. अवं ते त्याचं जेवणच आहे, त्यातून त्याले जीवनसत्त्वं भेटतात! शंभर वेळा सांगितलं. ऐकाले कान कोणाचे आहे?

दुसऱ्या रात्री साडेचारले ट्रेमध्ये खुट झालं. उजेड मारून पाहतो तं तीन लेंड्या. राईपेक्षा जराशा मोठ्या, काळ्या कुळकुळीत, केसात ओवलेल्या. मी तिथंच बसून रडली. लेंड्या पाहून रडणारी बह्याड पोरगी अख्ख्या जिल्ह्यात मीच असन.

सकाळी तो सांबाराच्या दोन काड्या खाल्ला अन् आजी लगेच म्हणते, "पाह्य, झाला ना आपोआप बरा, उगीच जागली तू."

आपोआप!! दोन रात्री, शंभरेक सिरींजा, पेट्रोल, माही ओढणी, अन् हे आपोआप! अन् हे बोलता बोलता म्हातारीचा हात पदराखाली गेला, पाहतो तं बिस्किट. मी हात धरला तं म्हणते, "अवं अशक्त झाला ना तो." आज बाजारातून कुलूप आणलं, चावी माह्या गळ्यात. दिवाळी येऊन राह्यली, आता चिवडा कोण चारते तेच पाहतो मी.