‘नवापूरला एक तरी माणूस मेला का?’

गेल्या आठवड्यात दहिवेलच्या आबांनी मला एक मेसेज पाठवला आणि खाली स्वतःची एक ओळ लिहिली: ‘भाऊ, हाई खरं शे का?’ तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर आला, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितोय. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा:

‘बर्ड फ्लू हे औषध कंपन्यांचं आणि टीव्हीवाल्यांचं नाटक आहे. २००६ मध्ये नवापूरला लाखो कोंबड्या मारल्या, पण एक तरी माणूस मेला का? पंधरा कोटी माणसं मरणार म्हणाले होते, त्याचं काय झालं? सगळा खटाटोप टॅमीफ्लू ही फ्लूवरची गोळी विकण्यासाठी होता. हा रोग दर वेळी हिवाळ्यातच कसा येतो? घरची कोंबडी मेली तर घाबरून पुरू नका. आपला काळा मसाला आणि रटरटती उकळी यापुढे कोणताही विषाणू टिकत नाही. पुढे पाठवा.’

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला जी पथकं उतरली, त्यांतल्या एकात मी होतो. त्यामुळे नवापूरच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

नाही, नवापूरला बर्ड फ्लूनं एकही माणूस मेला नाही. मेसेजमधलं हे वाक्य खरं आहे. ज्यांना ताप-खोकला होता त्यांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचा एकही माणूस निघाला नाही. पण त्यावरून ‘म्हणजे काही नव्हतंच’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेव्हाच्या शेड पाहिलेल्या नाहीत. पक्ष्यांना मर लागली तेव्हा सगळ्यांना ती मानमोडीच वाटली. राणीखेत म्हणजे मानमोडी ही आपल्याकडची जुनी ओळखीची मर. लासोटाची लस द्यायची, बाकीचे पक्षी वाचवायचे, हे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला माहीत. पण ही मर लसीला जुमानेना. सकाळी उभा असलेला पक्षी दुपारी आडवा. तुरे निळेजांभळे पडलेले, डोकी सुजलेली. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला: एच-५-एन-१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये हा विषाणू सापडल्याची ती पहिली वेळ.

मग तीन किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवायचं, असं ठरलं. पांढरे सूट, गॉगल, मास्क, दुहेरी हातमोजे. फेब्रुवारीतल्या दुपारी त्या सुटात घामानं अंघोळ व्हायची. जेसीबीनं खड्डे खणले. पक्षी, अंडी, तूस, खाद्य सगळं त्यात, वरून चुना. आदिवासी पाड्यांवर घरोघरी जाऊन खुराड्यातल्या कोंबड्या मागून घ्यायच्या, हे तर शेडमधल्या कामापेक्षा कितीतरी जड होतं. एका आजीनं आपला कोंबडा स्वतः माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवली. ती पाठ मला अजून दिसते.

सांगायचं कारण असं की हे सगळं चालू असताना पक्ष्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकावर लक्ष होतं. आम्हाला रोज औषध होतं, ताप मोजला जात होता, काम संपल्यावर काही दिवस वेगळं ठेवलं होतं. माणसं वाचली ती केवळ आमच्यामुळे, असं मी म्हणणार नाही. कोंबड्या मारल्या नसत्या तर अमुक इतकी माणसं गेली असती, असं कोणालाच सिद्ध करता येणार नाही. मोठं कारण विषाणूच्या घडणीत आहे. तो पेशीत शिरताना ज्या दाराला चिकटतो, तशी दारं पक्ष्यांच्या अंगात भरपूर. माणसाच्या नाका-घशात मात्र फार कमी, ती प्रामुख्यानं खोल फुप्फुसात. म्हणून तो माणसाला सहजी होत नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरणं तर त्याहून अवघड. पण जेव्हा होतो तेव्हा तो खोल फुप्फुसातच होतो. २००३ पासून जगात नोंदलेल्या ९०० हून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले, त्याचं एक कारण हेच. सौम्य आजारी दवाखान्यापर्यंत येत नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण याहून कमी असणार, हेही तितकंच खरं.

आणि ‘एक तरी’ हा प्रश्न फक्त नवापूरपुरता का विचारायचा? हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ माणसांना झाला, ६ गेली. तिथल्या सरकारनं काही दिवसांत शहरातल्या सगळ्या, म्हणजे दहा लाखांच्या वर कोंबड्या मारल्या आणि ती साखळी तिथेच तुटली. आपल्या देशात जुलै २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीत दगावला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी गेली. तिनं कोंबडीचा कच्चा तुकडा खाल्ला होता, असं घरच्यांनी सांगितलं होतं. मेळघाटात २०१९ साली एका तान्ह्या कोरकू मुलाला एच-९-एन-२ हा कोंबड्यांचाच दुसरा, सौम्य फ्लू झाल्याचं निदान झालं. म्हणजे मेसेजवाल्याला हवं असलेलं एक नाव नवापुरात नाही, पण देशात आहे, आणि ती मुलं आहेत.

आता पंधरा कोटी. हा आकडा हवेतून आलेला नाही. सप्टेंबर २००५ मध्ये डेव्हिड नाबारो या आरोग्य अधिकाऱ्यांची संयुक्त राष्ट्रांच्या बर्ड फ्लूविरुद्धच्या कामासाठी नेमणूक झाली, त्याच सुमारास त्यांनी ५० लाख ते १५ कोटी असा पल्ला सांगितला. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं हात आखडता घेऊन सुमारे ७४ लाखांपर्यंतचा अंदाज पुढे केला. दोन्ही आकड्यांना एकच अट होती: विषाणू बदलून माणसाकडून माणसाकडे सहज पसरू लागला तर. बातम्यांत मात्र वरचा आकडा तेवढा राहिला, अट गळाली. ज्या आकड्याचं एक टोक दुसऱ्याच्या तीसपट आहे तो आकडा लोकांपुढे टाकणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. लोकांचा विश्वास अशानंच उडतो. हा राग मला मान्य आहे.

पण तो अंदाज करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं, तेही पाहा. १९१८ चा फ्लू. भारतात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या साथीला नाव दिलं होतं ‘मानमोडी’. कोंबड्यांच्या मरीला आणि माणसांच्या त्या तापाला मराठीनं एकच शब्द वापरला. दोन्ही रोग वेगळे, विषाणूही वेगळे, पण घरात एकामागून एक माना पडतात हे दोन्हीकडे सारखंच दिसलं असणार. त्या १९१८ च्या विषाणूची पाळंमुळं पक्ष्यांच्याच फ्लूमध्ये आहेत, हे नंतर कळलं. म्हणून शास्त्रज्ञ पक्ष्यांकडे पाहत राहतात. ‘यंदा येणार’ असं त्यांना ठाऊक असतं म्हणून नव्हे. पूर्वी एकदा तिकडूनच आला होता म्हणून.

टॅमीफ्लूबद्दल मेसेजमध्ये बरंच तथ्य आहे, आणि तो लिहिणाऱ्याला ते नीट मांडता आलं नाही याचं मला वाईट वाटतं. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या आधी आणि नंतर अनेक देशांनी या गोळीचे प्रचंड साठे केले. एकट्या ब्रिटननं त्यावर ४० कोटी पौंडांहून अधिक खर्च केले. कंपनीनं आपल्या चाचण्यांची पूर्ण माहिती द्यावी म्हणून स्वतंत्र संशोधकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ती मिळाल्यावर २०१४ मध्ये कॉक्रेन या औषधांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासात निघालं काय, तर गोळी घेतल्यावर मोठ्या माणसांत फ्लूची लक्षणं साधारण सात दिवसांऐवजी सव्वासहा दिवस टिकतात. दवाखान्यात भरती व्हायची वेळ टळते, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेला सल्ला देणाऱ्या काही तज्ज्ञांनी या औषध कंपन्यांकडून पैसे घेतले होते, हे ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २०१० मध्ये छापलं. हे सगळं खरं आहे आणि याची चीड यायलाच हवी.

नवापूरला ती गोळी मीही घेतली. तिच्यामुळे मी वाचलो, असं मी कधीच सांगत फिरलो नाही. पण गोळी कमकुवत निघाली म्हणून रोग खोटा ठरतो, हे गणित कसलं? कपाशीवर मारलेलं कीटकनाशक भेसळीचं निघालं तर दुकानदाराला धरायचं. बोंडअळी नाहीच, असं कोणता शेतकरी म्हणतो? शिवाय त्या वेळी पैशाचा जोर कोणत्या बाजूला होता, हे आम्ही जवळून पाहिलं. ‘हा बर्ड फ्लू नाहीच, राणीखेत आहे’ असं पोल्ट्री धंद्यातल्या मोठ्या मंडळींनीच ठासून सांगितलं होतं. आपल्या भागात कोट्यवधींचं नुकसान रोगाचं नाव घेतल्यानं होतं, लपवल्यानं नाही. मग नाटक करून कमाई कोणाची झाली?

टीव्हीवाल्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यांनी नवापूरच्या नावानं देशभर घबराट उडवली, चिकनचे भाव कोसळले, रेल्वेनं जेवणातून कोंबडी काढली, आणि शेकडो किलोमीटरवरच्या निरोगी पक्ष्यांचे मालकही बुडाले. नीट शिजवलेलं चिकन आणि अंडी तेव्हाही धोक्याची नव्हती. ७० अंशांच्या उष्णतेला हा विषाणू मरतो, हे ठळकपणे सांगायला हवं होतं. आणि कॅमेरे गेल्यावर विषाणू गेला, असंही नाही: मार्च २००६ मध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, घरगुती कोंबड्यांत सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा नवापुरात बर्ड फ्लू निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच-५-एन-१ नं मेले. अमेरिकेत २०२४ पासून तो दुभत्या गायींत शिरला आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना झाला. तिथे कोणत्या टीव्हीनं गायींना आजारी पाडलं?

हिवाळ्यातच का? कारण आपल्याकडे स्थलांतर करणारे पक्षी ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतात. हतनूर धरणाच्या पाण्यावर थंडीत उतरणारी रानबदकं आबांनीही पाहिली आहेत. अशा पाणपक्ष्यांत हा विषाणू राहू शकतो, आणि गार, ओलसर जागी जास्त दिवस जिवंतही राहतो. दर वेळी रोग त्यांनीच आणला असं नाही. पिल्लांची, अंड्यांच्या ट्रेची, गाड्यांची ये-जाही तितकीच जबाबदार असते. पण हंगामाचं कारण एवढं साधं आहे.

राहिली शेवटची ओळ, आणि माझी खरी भीती तिचीच आहे. मेलेली कोंबडी मसाल्यात शिजवा. उकळीत विषाणू मरतो हे बरोबर, मी वरच लिहिलं. पण कोंबडी आपण थेट पातेल्यात टाकत नाही, आबा. आधी मान कापतो, गरम पाण्यात बुडवून पिसं काढतो, पोट फाडून आतडी ओढतो. ओट्यावर, विळ्यावर, नळाखाली, लहान मुलाच्या हातावर सगळीकडे शिंतोडे जातात. रक्त, विष्ठा, नाकातोंडातला स्राव यांतच विषाणू सर्वांत जास्त असतो. कंबोडिया, व्हिएतनाममध्ये ज्या माणसांना हा रोग झाला, त्यांतली कितीतरी आजारी किंवा मेलेल्या कोंबड्या साफ करणारी होती. चुलीवर चढण्याआधीच घात झालेला असतो. आणि हे काम घरात कोण करतं? बायका, आणि त्यांच्या आजूबाजूला बसलेली पोरं.

मेलेली कोंबडी फेकवत नाही, हे मला समजतं. पाच-सहाशे रुपयांची गावठी कोंबडी मातीत घालायची, तीही कोणाला न सांगता आलेल्या मरीत. त्यात सरकारची भरपाई ठार केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. हा नियम मला नोकरीत असतानाही चुकीचा वाटायचा. यामुळेच माणूस पहिल्या चार कोंबड्या मेल्यावर गप्प बसतो, उरलेल्या बाजारात नेऊन विकतो, आणि रोग त्याच्याबरोबर पुढच्या गावी जातो. कळवणं जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, पण कळवणाऱ्याचं सगळंच बुडत असेल तर नुसत्या कायद्याच्या धाकानं कोण तोंड उघडेल? मेसेज लिहिणाऱ्यानं सरकारला जाब विचारायचा तर हा विचारावा. मी त्याच्याबरोबर सही करीन.

आबा, तुमच्या पंधरा कोंबड्यांबद्दल एवढंच. एखाद-दुसरी मेली तर ती विंचवानं, सापानं, साध्या मानमोडीनंही मेली असेल. पण दोन दिवसांत तीन-चार गेल्या, तुरे निळे पडले, किंवा आजूबाजूला कावळे मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका. लावावाच लागला तर दोन्ही हातांत प्लास्टिकची पिशवी घाला, नाकाला रुमाल बांधा, मग साबणानं धुवा. उरलेल्या कोंडून ठेवा, गुरुवारच्या बाजाराला नेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, नाहीतर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरावर फोन करा. काकूंना आणि लहान्याला खुराड्यापासून लांब ठेवा. आणि तापाबरोबर धाप लागली तर डॉक्टरला ‘घरी कोंबड्या मेल्यात’ हे आधी सांगा; ते विचारायची वाट पाहू नका.