‘गुगलवर चढलं की फोनमधून उडवा’: या फॉरवर्डमधलं काय चुकतं

“मोबाईल भरला? फोटो गुगलवर चढले की फोनमधून खुशाल उडवा. तिथे ते कायम राहतात, फुकट राहतात आणि लिंक ज्याला पाठवाल त्यालाच दिसते. हार्डडिस्कचा खर्च कशाला?” अशा अर्थाचा सल्ला नाशिकमधल्या इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपपासून निफाडच्या बागायतदारांच्या ग्रुपपर्यंत फिरत असतो. यातला एकूणएक दावा धोक्याचा.

‘खुशाल उडवा’ हे सर्वात महागात पडतं. गुगल फोटोजमध्ये फोटो निवडून कचराडब्याचं चिन्ह दाबलं, तर तो फोनमधून जातो आणि खात्यातूनही जातो. त्याच खात्यावर चालणाऱ्या टॅबमध्येही तो उरत नाही. हे सिंक आहे, म्हणजे इकडचा बदल तिकडे. बॅकअपमध्ये इकडे चूक झाली तरी तिकडची प्रत शाबूत राहायला हवी. अपलोड झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस थांबतो, मग गेलाच. फोन मोकळा करायचा असेल तर प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. ते फक्त वर चढलेले फोटोच फोनमधून काढतं. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तिथेही एकीकडे उडवलं की सगळीकडे उडतं. तिथला पर्याय ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’.

आणखी एक खाच. अँड्रॉइडवर सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर वर जातं. व्हॉट्सअॅपवर आलेले लग्नाचे, बारशाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात आणि त्याचा बॅकअप आपण मुद्दाम चालू करावा लागतो. ते न बघता गॅलरी साफ केली, की नेमके तेच फोटो कुठेच सापडत नाहीत.

‘फुकट’ म्हणजे १५ जीबी, तेही ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज मिळून. १ जून २०२१ पासून कमी दर्जाचे फोटोही त्यात मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअपही आता त्यातच. डबा भरला की नुसते फोटो चढायचे थांबत नाहीत, जीमेलवर मेल येणंही थांबतं. बँकेचा मेल का आला नाही, याचं उत्तर कधी कधी सप्तशृंगगडाच्या व्हिडिओंत असतं.

‘कायम’ तर नाहीच. वैयक्तिक गुगल खातं २ वर्षं वापरलं नाही, तर ते आतल्या मजकुरासकट काढून टाकण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. ड्राइव्हवर दुसऱ्याने शेअर केलेली फाइल तर आपली नसतेच. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं माजी सचिवांच्या खात्यात असतील आणि त्यांनी ती उडवली, तर सगळ्यांकडून जातात. ‘अॅड शॉर्टकट’ केल्याने प्रत होत नाही, ती नुसती पाटी. ‘मेक अ कॉपी’ करा किंवा डाउनलोड करून घ्या.

लिंकचं वाक्य सरळ खोटं. ‘एनीवन विथ द लिंक’ ठेवलं, तर लिंक पुढे ढकलली जाईल त्या प्रत्येकाला फाइल उघडते, लॉगिनही लागत नाही. ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून समोरच्याचा ईमेल टाका, हक्क ‘व्ह्यूअर’ द्या, काम झालं की काढा. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर स्वतःचं जीमेल उघडू नका. उघडलंच असेल तर घरी येऊन खात्याच्या सुरक्षा विभागातल्या उपकरणांच्या यादीतून ते साइन आउट करा. आधारची प्रत पाठवावीच लागली, तर चालत असेल तिथे शेवटचे ४ अंकच दिसणारं मास्क्ड आधार द्या.

उरली हार्डडिस्क. सातबारा पुन्हा काढता येतो. आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून अशा गोष्टींची एक प्रत ऑनलाइन, एक हार्डडिस्कवर ठेवा. डिस्क वर्षातून दोनदा जोडून दहा-बारा फाइली उघडून बघा, कारण नुसती नावं दिसली म्हणजे फाइल चालते असं नाही. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, संगणकासोबत तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करू शकतं. आणि दुकान सराफ बाजारात किंवा भांडी बाजारात असेल, तर ती खालच्या कप्प्यात नको. गोदेचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर (पूर किती आला ते हिच्यावरूनच बघतात) चढू लागलं की तिथली दुकानं रिकामी करण्याची धावपळ सुरू होते, आणि त्या घाईत डिस्क कुणाला आठवत नाही.