२२ पीएसआयचा तो फॉरवर्ड आणि माझा भाचा

काल रात्री साडेदहाला भाच्याने टायरमधल्या हवेबद्दलचा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, सकाळी २२ करून निघतो." हाच मेसेज आठवडाभरात मला तीन ग्रुपवर आला होता, बघून सोडून दिला होता. पण हा पोरगा सेकंडहँड केमन, म्हणजे पोर्शची स्पोर्ट्स कार, घेऊन फोंड्याहून कारवार, मंगळूर करत कोइंबतूरला चाललाय, तिथल्या कारी स्पीडवे या रेस ट्रॅकवर त्याचा पहिलाच ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस, आणि हवा किती ठेवायची ते ठरवणार कोण, तर लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नसलेला मेसेज! लगेच फोन केला. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण ज्यांनी तो पुढे ढकलला त्यांच्याही घरात गाड्या आहेत.

मेसेज थोडक्यात असा: ट्रॅकवर जायचं तर हवा २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) करा, कमी हवा म्हणजे जास्त ग्रिप, फॉर्म्युला वनमध्येही २० च असते. नायट्रोजन भरा, मग टायर तापला तरी प्रेशर वाढत नाही. चारही टायरला एकच आकडा. घरूनच सेट करून निघा, परत येईपर्यंत हात लावायची गरज नाही. टीपीएमएसचा, म्हणजे हवा कमी झाल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा लागला तर लक्ष देऊ नका.

सगळ्यात आधी घरून सेट करून निघायचं ते, कारण यात माणूस मरू शकतो. इथून कोइंबतूर सातशे-साडेसातशे किलोमीटर. तेवढं अंतर, सामान भरून, हायवेच्या स्पीडला २२ वर? हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते, जास्त वाकते, आणि त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र थर सुटायला लागतात. टीपीएमएसचा दिवा नेमका याचसाठी दिलेला असतो आणि हे सांगतात लक्ष देऊ नका. वर हे पावसाचे दिवस. साचलेल्या पाण्यावर टायर कधी तरंगायला लागतो याचं नासाने विमानांच्या टायरसाठी काढलेलं जुनं सूत्र आहे, त्यात वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर जातो. नेहमीच्या ३२ पीएसआयला साधारण ताशी ९४ किमी येतात, २२ ला ७८. गाडीच्या टायरला हा आकडा तंतोतंत लागत नाही, पण हवा कमी केली की तरंगण्याचा वेग खाली येतो हे त्यातून कळतं, आणि ट्रॅकवर घासून आलेल्या टायरला तर जास्तच. कारवारच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलेलं असताना ८० ने चाललेली गाडी काय जोरात म्हणायची?

आता फॉर्म्युला वन. २० च्या आसपासचे आकडे तिथे असतात, हे खरं. पण तो आकडा विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून आधीच तापवलेल्या टायरचा असतो, सकाळी पोर्चमध्ये गार उभ्या गाडीचा नाही. आणि तो टायर त्या गाडीसाठीच बांधलेला. तरीसुद्धा ३० जून २०१३ ला सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये हॅमिल्टन, मासा, व्हर्न, पेरेझ अशा चौघा ड्रायव्हरांचे टायर पळत्या गाडीवर फाटले. टायर बनवणाऱ्या पिरेलीने दोन दिवसांत कारणं दिली, त्यात मागचे टायर डाव्याचे उजव्याला बसवणं होतं, टोकाचा कॅम्बर (चाकाचा तिरकेपणा) होता, ट्रॅकच्या कडेचे उंच कर्ब होते, आणि स्पष्ट शब्दांत, फार कमी ठेवलेली हवा होती. आज किमान प्रेशर पिरेली ठरवून देते आणि एफआयए, म्हणजे रेसिंगची जागतिक संघटना, ते तपासते, टीमला मनासारखं खाली जाता येत नाही. म्हणजे ज्यांचं उदाहरण देऊन तुम्ही पोरांना हवा सोडायला सांगताय, त्यांनाच हवा सोडायला मनाई आहे.

यात अर्धं खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. रस्त्याचं प्रेशर तसंच ठेवून ट्रॅकवर गेलात तर ते जास्तच होतं. हिशोब सोपा आहे: ३० डिग्रीला ३२ भरली आणि टायर आतून ८० डिग्रीला गेला की गेज जवळजवळ ४० दाखवतं. मग टायर मधल्या भागावर चालतो आणि गाडी घसरते. म्हणून ट्रॅकवर गार टायरची हवा थोडी खाली घेतात, किंवा पिटमध्ये आल्याआल्या गरम टायरमधून सोडतात. पण थोडी म्हणजे तीन-चार पीएसआय, दहा नव्हे. २२ ने सुरुवात केली तर त्याच ८० डिग्रीला २८ होते, आणि साध्या रस्त्याच्या टायरची कड तेवढ्यावर वळणात दुमडून आत जाते. ग्रिप वाढत नाही, कमी होते, स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळतं आणि टायरचे खांदे दोन सेशनमध्ये खलास.

आणि संध्याकाळी परत भरायची! गरम टायरला सोडून सोडून ३२ वर आणलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी २५ डिग्रीला २५ च्याही खाली असते. तेवढ्यावर घरी यायचं नाही.

नायट्रोजनबद्दल एवढंच की आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि तापल्यावर तोही तेवढाच फुगतो. फरक पाण्याचा. गोव्याच्या दमट हवेत कॉम्प्रेसरची टाकी कोणी रिकामी केली नाही तर नळीतून पाणी टायरमध्ये जातं, आणि त्या पाण्याची वाफ ८० डिग्रीला एकटीच साडेसहा पीएसआयच्या वर ढकलू शकते. म्हणून कोरडा गॅस चांगला, आकडा दर वेळी सारखा वाढतो. वाढत नाही असं नाही.

चारही टायरला एक आकडा, हे केमनवाल्याला सांगणं म्हणजे कमालच आहे. इंजिन मागच्या चाकांच्या पुढ्यात, १९ इंची चाकं असतील तर पुढे २३५ चा टायर आणि मागे २६५ चा. शिवाय ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर डावे टायर जास्त तापतात, म्हणून डावीकडे सुरुवातच कमीने करतात.

भाच्याला शेवटी सांगितलं ते असं: गाडीच्या स्टिकरवर हवेचा जो आकडा आहे तेवढी भरून नीघ, टायरच्या बाजूवर कोरलेला कमाल आकडा बघू नको, ती मर्यादा आहे. स्वतःचं गेज ने, मला हायवेवरच्या एका पंपावर तीन पीएसआयचा फरक मिळाला होता. टायरच्या कडेला खडूने रेघ मार, तीन-चार लॅप मार, आत ये, लगेच मोज. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रॅकचा गरम आकडा दिला असेल तर तोच धर. खडू टायरच्या कडेवर कोरलेल्या खुणेच्या छोट्या त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसला गेला तर हवा कमी आहे, नुसता वरचा काठ पुसला तर जास्त. एकेका पीएसआयने बदल आणि वहीत लिही.

"मामा, माझ्याकडे गेज नाही," म्हणाला. सकाळी सहाला येऊन माझं घेऊन गेला, खडूसुद्धा.