पुस्तकांची यादी अशी ठेवा की काही विचारताच येऊ नये

टिपणं ठेवायचं सॉफ्टवेअर म्हणून टिडलीविकी घेतलीत? उत्तम. सगळा संग्रह एका एचटीएमएल फाइलीत मावतो, २००४ पासून लोक वापरताहेत, प्रत्येक टिपणाला हवी ती फील्ड्स, म्हणजे माहितीचे रकाने, जोडता येतात. आता एवढ्या सोयीचं वाटोळं कसं करायचं, ते शिका. माझा मावसभाऊ त्यात निष्णात आहे. परवा त्यानं आपली फाइल पाठवली. “दादा, २०१५ नंतर घेतलेली आणि न वाचलेली तेवढी काढून दे ना, पाच मिनिटांचं काम आहे.”

तर, फील्डचं नाव दरवेळी नवं ठेवा. कुठे ‘लेखक’, कुठे ‘लेखिका’, कुठे नुसतं ‘ले.’.

किंमत ‘रु. २५०/- (घासाघीस करून)’ अशीच लिहा. बेरीज कोणाला करायचीय?

विषय स्वल्पविराम देऊन कोंबा. यादी मोकळ्या जागेवर तुटते, दोन शब्दांच्या नावाला दुहेरी चौकटी कंस लागतात, हे विसरा. मग ‘ललित गद्य, इतिहास’ याचे ‘ललित’, स्वल्पविरामासकट ‘गद्य,’ आणि ‘इतिहास’ असे तुकडे पडतात. दोनांवर एक विषय फुकट.

तारखेत मात्र प्रतिभेला वाव द्या. १२/३/१६ लिहा, नाहीतर ‘पाडव्याला, अप्पा बळवंत चौकात’. टिडलीविकी स्वतःच्या तारखा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा सलग आकड्यांत ठेवते. अक्षरक्रमानं लावल्या तरी कालक्रम लागतो. इतकं सरळ आपल्याला कसं चालेल? शिवाय साल देवनागरीत लिहा. संख्या म्हणून तुलना केली की ते शून्य धरलं जातं, आणि २०१५ नंतर तुम्ही एकही पुस्तक घेतलं नाही असं निघतं. घरच्यांना दाखवायला बरं.

आता ‘वाचलं’ हे फील्ड. त्यात ‘हो’, ‘होय’, ‘वाचले’, ‘प्रस्तावना झाली’, ‘मस्त!!’ काहीही चालतं. निम्म्या टिपणांत रिकामंच सोडा. रिकामं म्हणजे वाचलं नाही, की भरायचं राहिलं? अरे, मला कसं कळणार? मी तुझ्या उशाशी बसलो होतो का? ‘मस्त’ हा अभिप्राय आहे, त्याला वेगळं फील्ड कर! ‘स्थिती’ म्हणून एक फील्ड, त्यात ‘वाचलं’, ‘चालू’, ‘बाकी’ यांपैकी एकच शब्द, आणि तो टाइप करायचा नाही, ड्रॉपडाउनमधून निवडायचा. एवढं आधी ठरवायला कागदाचा चिटोरा पुरला असता. ते नाही केलं, आणि वर काय म्हणतो, “हे सॉफ्टवेअरच बेकार आहे, दुसरं सुचव.” दुसरं कशाला? तिथेही हाच उकिरडा नेऊन ओतशील!