दहा दिवसांचा पास

‘काका, घरी अजून सात गोळ्या असतील तुमच्याकडे.’

मेडिकलच्या काउंटरमागची मुलगी हे इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली की बाहेर फूटपाथवर हार ओवणाऱ्या फुलवालीने सुई हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. गणपती दोन दिवसांवर, अख्खी डोंबिवली पूर्व खरेदीला रस्त्यावर, आणि त्या गर्दीत माझ्या गोळ्यांचा जाहीर हिशेब. वाईट म्हणजे हिशेब बरोबर होता. फ्रीजवरच्या डब्यात नेमक्या किती गोळ्या आहेत हे मला माहीत नव्हतं, बायकोला अंदाजे माहीत होतं, आणि या मुलीला पक्कं माहीत होतं.

कंबर कशी गेली ते थोडक्यात सांगतो. पंखा पुसताना. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी सरकली आणि डाव्या पायात वीज खेळायला लागली. आधीच्या साध्या गोळ्यांनी पोटात जाळ केला, म्हणून डॉक्टरांनी ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी जोडगोळी लिहून दिली. सकाळी एक, रात्री एक, १० दिवस. एकूण २० गोळ्या. ‘संपल्या की या. मध्येच एकदम बंद करू नका, घाम फुटेल, झोप उडेल,’ एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

संपल्या की या! माझी विसावी गोळी ऋषिपंचमीच्या रात्री संपत होती. आणि डॉक्टर गुहागरकडचे. घरचा गणपती पाच दिवसांचा. दवाखान्याच्या दारावर पाटी लागली होती, खाली ‘गणपती बाप्पा मोरया’. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखाना उघडणार. म्हणजे मधले साडेतीन दिवस मी गोळीविना. साडेतीन मुहूर्त असतात, साडेतीन पीठं असतात, त्यात ही माझी भर. सणासुदीत नको ती आफत, म्हणून मी शहाण्या माणसासारखा सातव्या दिवशीच मेडिकलवर गेलो. पहिली चूक तीच. वेड्यासारखा अकराव्या दिवशी कण्हत गेलो असतो तर निदान सहानुभूती मिळाली असती. आधी येणारा माणूस संशयित असतो.

मुलीने माझी चिठ्ठी उलटी करून दाखवली. मागे दुकानाचा शिक्का, तारीख, आणि लाल पेनने ‘२० दिल्या’. एका चिठ्ठीवर औषध एकदाच. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पाहिजे. शिवाय ही गोळी शेड्यूल एच-वनमधली. मार्च २०१४ पासून या यादीतल्या औषधांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. आमच्या लग्नाचा अल्बम आम्ही दोन वर्षं नीट ठेवू शकलो नव्हतो.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते त्या वेळी वडखळ नाक्याच्या कोंडीत अडकले होते, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता. त्यांनी गाडीतल्या गाडीत लेटरहेड काढून नवी चिठ्ठी लिहिली आणि फोटो पाठवला. मी विजयी मुद्रेने मोबाइल काउंटरवर ठेवला. मुलीने फोटो मोठा करून पाहिला आणि मोबाइल परत सरकवला.

‘हे चालणार नाही काका. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएसमध्ये आलंय. आणि टेलिमेडिसिनचे २०२० चे नियम आहेत, त्यात एनडीपीएसची औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत.’

‘एनडीपीएस म्हणजे?’

‘नार्कोटिक ड्रग्ज...’

ती पुढेही काही बोलली. पण ‘ड्रग्ज’ या शब्दानंतर रांगेत ऐकण्यासारखं काही उरत नाही. फुलवालीची सुई परत थांबली.

‘दाखवा,’ मागून आवाज आला.

मी मुकाट्याने चिठ्ठी मागे दिली. तीस वर्षं लोकलने प्रवास केलेल्या माणसाला त्या पट्टीत कोणी ‘दाखवा’ म्हणालं की हात आपोआप खिशाकडे जातो. मग वळून पाहिलं. सत्तरीचे एक काका. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात माझी चिठ्ठी. त्यांनी ती उजेडाकडे धरली, तारीख पाहिली, शिक्क्यावर अंगठा घासून शाई सुटते का तेही पाहिलं.

‘रेल्वेत होतात?’ मी विचारलं.

‘टीसी. ३४ वर्षं.’ चिठ्ठीवरची नजर न काढता ते म्हणाले, ‘ही सिंगल जर्नी आहे. एकदा गेटातून बाहेर पडलात, की संपलं.’

‘अहो, पण माझा प्रवास कुठे संपलाय?’

‘मग पास काढायचा होता.’

मला वाटलं विषय इथे मिटला. पण काकांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एखादी केस मिळाली असावी. ते मला ओलांडून काउंटरला भिडले.

‘मॅडम, मी काय म्हणतो. पास संपायच्या आधी माणूस खिडकीवर आला तर रेल्वे त्याला हाकलून देते का? नवा पास देते. जुना संपेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू. रेल्वेचं काही नुकसान नाही, माणसाचा खाडा नाही. तसं यांना द्या. पुढची तारीख टाकून.’

आयुष्यात पहिल्यांदा एक टीसी माझ्या बाजूने बोलत होता. मला भरून आलं.

‘काका,’ मुलगी म्हणाली, ‘दोन पास खिशात असले तरी माणूस एका वेळी एकाच गाडीत बसतो. गोळ्या दोन एकदम घेता येतात.’

काका थांबले. तो युक्तिवाद त्यांच्या आत कुठेतरी रुळांवरून खडखडत गेला. मग ते सावकाश माझ्याकडे वळले.

‘तुम्ही दोन एकदम घेता?’

‘नाही हो!’

‘मग घाबरता कशाला?’

‘मी कुठे घाबरतोय? कंबर दुखते म्हणून उभं राहवत नाही.’

‘हे बघा,’ त्यांनी छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं, ‘विनातिकीटवाला मला डब्यात शिरायच्या आधी ओळखू यायचा. लोकांना वाटतं तो पळतो. पळत नाही. तो आधी कारण सांगतो. तुम्ही इथे आल्यापासून तीन कारणं सांगितलीत. कंबर, कोकण आणि ऋषिपंचमी.’

रांगेत कोणीतरी हसलं. मीही हसलो, म्हणजे आपल्याला विनोद कळतो हे दाखवण्यापुरतं. आत मात्र असा संताप आला होता, की कमरेचा पट्टा नसता तर मी ताठ उभा राहून काहीतरी बोललो असतो. पन्नाशी उलटलेला, कर भरणारा, सोसायटीची वर्गणी वेळेवर देणारा माणूस मी. मला का सिद्ध करावं लागतंय की मला खरंच दुखतं?

‘काळजी करू नका,’ काका धीर देत म्हणाले. ‘तुमच्यावर रेल्वे कायद्याचं कलम एकशे सदतीस लागत नाही. त्याला फसवण्याचा हेतू लागतो, तो तुमच्या तोंडावर नाही. फार तर एकशे अडतीस. दंड भरून सुटाल.’

एवढ्यात काउंटरच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण आला. कानाला फोन तसाच ठेवून त्याने मालकाला बोटांनी तीन दाखवले. ‘त्या सेफिक्झिम. तापाच्या.’ मालकाने पट्टीतून तीन गोळ्या कातरीने कापल्या आणि दिल्या. चिठ्ठी नाही, रजिस्टर नाही, शिक्का नाही. सेफिक्झिम त्याच एच-वन यादीत आहे. लोकांनी अँटिबायोटिक चण्याफुटाण्यासारखी खाऊ नयेत म्हणून तर ती यादी मुख्यतः आली. मी मुलीकडे पाहिलं. ती रजिस्टरमध्ये पाहत राहिली. तिच्यावर माझा राग नाही. ती नियमाने वागत होती, आणि तिचं काहीच चुकत नव्हतं, हेच तर जास्त झोंबत होतं.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफू चाटवून झोपवून जात. मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या चाळींतून त्याला बाळगोळी म्हणत. हे चांगलं होतं असं मी म्हणत नाही. कितीतरी पोरं त्या झोपेतून उठली नसतील. पण ही मुंबई अफूवर नाकं मुरडते तेव्हा मला गंमत वाटते. माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जात होती. जमशेटजी जीजीभॉय कापूस आणि अफूच्या व्यापारात गडगंज झाले आणि त्यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय सुरू झालं. म्हणजे जहाजं भरभरून गेली तेव्हा तो व्यापार होता, आणि मी सात गोळ्या मागितल्या तर रांगेत कुजबुज. ट्रामाडॉल अफूच्या बोंडातून निघतही नाही, कारखान्यात बनतं. फक्त मेंदूत जाऊन अफूचंच दार ठोठावतं. हे सगळं मला काकांना सांगायचं होतं, पण ते चौथं कारण झालं असतं.

मी निघणार तेवढ्यात माझ्या मागची बाई पुढे झाली. चाळिशीची, छातीशी जाडजूड फाईल. काउंटरवर वाकून तिने अगदी हळू विचारलं, ‘मॉर्फिन मिळेल का? आईसाठी.’

मुलीचा आवाज पहिल्यांदा खाली आला. ‘इथे नसतं ताई. ते सगळीकडे नाही ठेवत.’

‘परळच्या हॉस्पिटलच्या फाईलवर लिहिलंय. त्यांनी दिलं होतं, ते संपत आलं. म्हटलं जवळ मिळतंय का बघावं.’

‘परळलाच जावं लागेल.’

बाईने मान हलवली. वाद घातला नाही, कारण सांगितलं नाही. तिची आधीच पाच-सहा दुकानं झालेली असावीत. मॉर्फिन अफूतूनच निघतं, आणि नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अफू पिकवणारा हा देश. १९८५ साली एनडीपीएस कायदा आला, त्या वर्षी देशात औषध म्हणून ७१६ किलो मॉर्फिन वापरलं गेलं होतं. १९९७ साली तो आकडा १८ किलोवर आला. मधल्या काळात दुखायचं काही कमी झालं नव्हतं. परवान्यांच्या भानगडीत कोण पडणार, म्हणून दवाखान्यांनी आणि दुकानांनी ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. तरी ती बाई डोंबिवलीच्या काउंटरवर फाईल धरून उभी होतीच.

रांग गप्प झाली होती. काकांनी छत्री काखेत मारली.

‘परळला फास्ट थांबत नाही,’ ते म्हणाले. ‘फास्टने दादरला उतरा, तिथून स्लो पकडा, पुढचंच स्टेशन. आणि आजच जा. उद्यापासून गर्दीत फाईल चेपेल.’

बाई ‘बरं’ म्हणाली आणि गेली. मीही सात गोळ्यांच्या भांडवलावर घरी आलो.

घरी बायकोने डबा उघडून मोजल्या. सातच. मग कॅलेंडर काढलं. ‘अहो, आज रात्रीपासून डॉक्टर येईपर्यंत चौदा वेळा होतात. गोळ्या सात. अर्धी अर्धी घ्या.’ एवढ्या नियमांच्या जंगलातून तिने भागाकाराने वाट काढली.

पण ती गोळी अर्धी होत नाही. मधोमध रेघ नाही, वरून गुळगुळीत. सुरी ठेवली की एक तुकडा पाटावर राहतो आणि दुसरा उडतो. पहिला उडालेला तुकडा फ्रीजखाली गेला. तो मी पट्टीने काढला, फुंकून साफ केला आणि घेतला. त्या क्षणी मला रजिस्टरमधली माझी नोंद अगदी योग्य वाटली. शिवाय कापलेली बाजू जिभेला लागली की असा कडू जहर की उकडीचा मोदकही ती चव घालवू शकत नव्हता. चतुर्थीला आरतीच्या वेळी मी उभा राहू शकलो नाही. खुर्चीत बसून टाळ वाजवला. आलेल्या प्रत्येकाने विचारलं, प्रत्येकाने एक तेल सुचवलं. एकाने तर बाटलीच पाठवली. तिच्यासाठी कोणी चिठ्ठी मागितली नाही. रात्री झोप दोन दोन तासांच्या हप्त्यांत येत होती.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर बसलो होतो. डॉक्टर कोकणातून ताजेतवाने होऊन आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. वडखळचा फोटो, मुलगी, पट्टी, फ्रीज. त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं.

‘म्हणजे सात दिवस अर्ध्या गोळीवर काढलेत?’

‘काढावे लागले हो.’

‘छान!’ डॉक्टरांचा चेहरा उजळला. ‘मला डोस कमी करायचाच होता. तुम्ही आपणहून केलात. आता अर्धीच चालू ठेवू.’ आणि त्यांनी लिहिलं, सकाळी अर्धी, रात्री अर्धी, १० दिवस. एकूण गोळ्या १०.

मी तोंड उघडलं. पण सांगण्यासारखं जे होतं ते मी स्वतःच आत्ता सांगून बसलो होतो.

मेडिकलवर मुलीने काही न विचारता शिक्का मारला, रजिस्टर भरलं, एक पट्टी दिली. बाजूला इसबगोलचा डबा घेऊन काका उभे होते. त्यांनी हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, जुना आकडा आठवला, नवा वाचला.

‘फर्स्टवरून सेकंडला आणलं की तुम्हाला,’ ते म्हणाले. ‘फरकाचा रिफंड मिळत नाही, आधीच सांगतो.’